कूलरमधल्या अळ्या, कॅफिन आणि हातातून निसटलेला रिसेप्टर

पार्श्वभूमी

मी नागपुरातल्या एका कॉलेजात झूऑलॉजी शिकवतो. आमच्याकडे एमएस्सीच्या शेवटच्या सेमिस्टरला प्रोजेक्ट असतो आणि बहुतेक पोरं अंबाझरीच्या पाण्याचा पीएच नाहीतर फुटाळ्यावरचे पक्षी असलं काहीतरी घेऊन मोकळी होतात, त्यात वाईट काही नाही, पण वर्षानुवर्षं तेच वाचून मलाच झोप येते. त्या वर्षी एक मुलगी आली, तिला इथे श्रुती म्हणू, नाव बदललंय आणि ओळखू येतील अशा दोन-चार गोष्टीही बदलल्यात. श्रुती काटोलकडची, घरी संत्र्याचा बगीचा. तिनं कुठेतरी वाचलं होतं की कॉफीच्या आणि लिंबूवर्गीय झाडांच्या फुलांतल्या मधुरसात थोडं कॅफिन असतं, आणि २०१३ साली छापून आलेल्या एका प्रयोगात असा कॅफिनवाला रस मिळालेल्या मधमाश्यांना त्या फुलाचा वास चोवीस तासांनंतरही आठवण्याची शक्यता साधा रस मिळालेल्यांपेक्षा तिप्पट निघाली.

"सर, पुढच्या महिन्यात आंबिया फुटते, बगीचा नुसता माश्यांनी भरून राहते, यावरच करू ना प्रोजेक्ट."

मला आयडिया आवडली. त्या प्रयोगवाल्यांचं म्हणणं होतं की कॅफिन मधमाशीच्या मेंदूतल्या ॲडिनोसिन रिसेप्टरला अडवतं. रिसेप्टर म्हणजे चेतापेशीच्या अंगावरचं एक प्रोटीन, शेजारच्या पेशीनं सोडलेला ठरावीक रेणू, इथे ॲडिनोसिन, त्यावर येऊन बसतो आणि मग पुढचं घडतं. काही रिसेप्टर लगेच दार उघडतात, आयन आत घुसतात, काम मिलिसेकंदात संपतं. काही दार उघडत नाहीत, ते पेशीच्या आत निरोप धाडतात, सायक्लिक एएमपीसारखा रेणू वाढतो किंवा कमी होतो आणि तो परिणाम बराच वेळ रेंगाळतो. अडवणारं औषध म्हणजे एसटीच्या सीटवर टाकलेला रुमाल, तो स्वतः प्रवास करत नाही पण दुसऱ्याला बसू देत नाही. हे मी तिला कॅन्टीनमध्ये तर्री-पोहे खाता खाता सांगितलं आणि सगळ्यात जास्त तेच तिच्या लक्षात राहिलं, ज्याचा पुढे आम्हाला त्रासच झाला कारण रुमाल नेमका कोणत्या सीटवर पडलाय हे बघायचं राहूनच गेलं.

मधमाश्यांचं मात्र जमणार नव्हतं. एकेक माशी बर्फावर गार करून नळीत अडकवायची, मिशीला साखरपाणी लावलं की ती सोंड बाहेर काढते, मग वासाशी त्याची जोडी लावायची, हे सगळं मी फक्त वाचलेलं, हात कधी बसलेला नाही, आणि माश्या डसल्या तर जबाबदारी माझी. उंदीर म्हटलं की एथिक्स कमिटी आणि सहा महिन्यांची कागदपत्रं. सी. एलेगन्स नावाचा एक मिलिमीटरचा गोलकृमी असतो, त्याचे मोजून ३०२ न्यूरॉन म्हणजे चेतापेशी, पण तो आणायचा कुठून आणि बघायला धड मायक्रोस्कोप कुठे. शेवटी तोडगा काढला आमच्या लॅब अटेंडंट भाऊंनी. ते म्हणाले, "सर, थो मागच्या वर्षीचा कूलर पडला आहे ना स्टोअरमध्ये, त्याच्या टाकीत पाणी टाका, चार-आठ दिवसांत पाहिजे तेवढ्या अळ्या."

खरंच निघाल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, एडिस डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवतो आणि ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात, पाणी लागलं की फुटतात. म्हणूनच कोरड्या दिवशी कूलरचं पाणी नुसतं ओतून चालत नाही, टाकी घासावी लागते. आमच्या डिपार्टमेंटनं ती घासली नव्हती आणि झूऑलॉजी डिपार्टमेंटची ही गत, तर बाकीच्यांचं काय बोलायचं. जानेवारीची थंडी होती म्हणून अळ्या हळूहळू वाढल्या, शेवटी जवळ बल्ब लावला.

डासाची अळी प्रयोगाला सोयीची आहे. ती शेपटाकडची नळी पाण्याच्या वर टेकवून डोकं खाली करून लटकते आणि श्वास घेते, वरून सावली गेली की वळवळत बुडी मारते. सावली परत परत पाडली आणि कोणी खायला आलंच नाही, की बुड्या कमी होत जातात. याला हॅबिच्युएशन म्हणतात, सवय होणं, शिकण्याचा सगळ्यात साधा प्रकार. नागपूरच्या भाषेत अळी म्हणते, जाऊ दे ना, रोजचंच आहे.

मांडणी अशी होती. एका बीकरमध्ये शेवटच्या अवस्थेतल्या दहा अळ्या, खाली पांढरा कागद, वर टेबल लॅम्प, पट्टीला चिकटवलेला पुठ्ठा दिव्यासमोरून न्यायचा, दर दोन मिनिटांनी एकदा, असं पंधरा वेळा, आणि मोबाईलवर व्हिडिओ. निम्म्या बीकरांमध्ये आदल्या रात्रीपासून कॅफिन घातलेलं. रोज सकाळी कोष वेचून उकळत्या पाण्यात टाकायचे हा एकच नियम मी कडक ठेवला कारण कोषातून दोनेक दिवसांत डास उडतो आणि आमच्या लॅबमधून डेंग्यू पसरला असं पेपरात यायला नको. बीकरवर मच्छरदाणीचं कापड होतंच. प्रोजेक्टचं नाव ठरलं, "एडिस अळ्यांच्या शिकण्यात ॲडिनोसिन रिसेप्टरची भूमिका". नाव माझंच, भारी वाटलं होतं.

अडचण

फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत निकाल यायला लागले आणि ते इतके सुंदर होते की तिथेच मला संशय यायला हवा होता. साध्या पाण्यातल्या अळ्या पहिल्या सावलीला दहापैकी आठ-नऊ बुडायच्या आणि पंधराव्या सावलीपर्यंत दोन-तीनवर यायच्या. कॅफिनवाल्या चौथ्या-पाचव्या सावलीलाच थंड. श्रुती धावत आली, "सर, कॅफिनवाल्या लय लवकर शिकून राहिल्या!" मीपण खूश. एचओडी मॅडमच्या कानावर घातलं, त्या म्हणाल्या २८ फेब्रुवारीला सायन्स डे आहे, पोस्टर लावा, ॲबस्ट्रॅक्ट उद्याच द्या. दिलं. ॲबस्ट्रॅक्टमध्ये "रिसेप्टर अडवल्याने शिकण्याचा वेग वाढतो" असं वाक्य होतं आणि ते मी वाचून पुढे पाठवलं होतं, श्रुतीवर ढकलायचं नाही.

पोस्टरच्या दोन दिवस आधी मी तिला सहज म्हटलं की डिसहॅबिच्युएशन पण एकदा करून टाक, चार्ट पूर्ण दिसेल. ही चाचणी खरं तर जुनी आणि अगदी मूलभूत आहे, १९६६ साली थॉम्पसन आणि स्पेन्सर यांनी हॅबिच्युएशनची जी लक्षणं मांडली त्यात ती आहे. प्राण्यानं प्रतिसाद देणं थांबवलं की मध्येच एक वेगळाच धक्का द्यायचा आणि मग जुनी सावली परत पाडायची. प्राण्याला सवय झाली असेल तर प्रतिसाद परत येतो. तो नुसता थकला असेल तर येत नाही. शिकला की थकला, हे ओळखायची सगळ्यात स्वस्त पद्धत, पेन्सिल लागते फक्त.

तिनं बीकरवर पेन्सिलीनं टकटक केलं आणि पुढची सावली पाडली. साध्या पाण्यातल्या अळ्या परत झटक्यात खाली गेल्या. कॅफिनवाल्या तशाच लटकून. तिनं परत टकटक केलं, परत सावली पाडली. काही नाही.

"सर, थ्या पळूनच नाही राहिल्या."

मी व्हिडिओ पहिल्यापासून लावला. मग दिसलं की कॅफिनवाल्या अळ्या पहिल्याच सावलीला कमी बुडत होत्या, दहापैकी जेमतेम पाच-सहा. ज्या बुडत होत्या त्यांना वर यायला वेळ लागत होता आणि वळवळ वेडीवाकडी होती. एक तर तळाशीच पडलेली. आम्ही दोन आठवडे फक्त आकडे भरत होतो, अळ्यांकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

त्या रात्री घरी बसून जे आधी वाचायला हवं होतं ते वाचलं. कॅफिन ही झाडांची किडींविरुद्धची जुनी युक्ती आहे, आणि १९८४ साली नॅथनसन यांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं होतं की त्यानं डासांच्या अळ्यांचा तोल जातो, त्यांना पोहून वर येणं जमत नाही आणि त्या बुडतात. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २००३ मध्ये एडिसच्या अळ्यांना १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर कॅफिन दिलं तर त्यातून एकही डास तयार झाला नव्हता. आमची मात्रा किती? १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. कारण काय, तर आमचा वजनकाटा बारीक वजन नीट दाखवत नाही आणि १०० मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम हा हिशोब सोपा. म्हणजे आम्ही अळ्यांना शिकवत नव्हतो, विष देत होतो, आणि त्या गप्प झाल्या तर त्याला हुशारी म्हणत होतो.

समोरचे पर्याय

दुसऱ्या दिवशी सकाळी डिपार्टमेंटमध्ये आम्ही चौघं बसलो, एचओडी मॅडम, मी, श्रुती आणि चहा घेऊन आलेले भाऊ, जे नंतर तिथेच थांबले.

पहिला पर्याय म्हणजे पोस्टर आहे तसंच लावायचं. कॉलेजच्या सायन्स डेला कोण एवढं विचारतं. खोटं सांगायचं नाही म्हणून लिहितो, हा पर्याय पाचेक मिनिटं खरंच टेबलावर होता.

दुसरा पर्याय मॅडमनी मांडला आणि तो जास्त धोक्याचा होता कारण तो हुशारीचा होता. त्या म्हणाल्या, टकटक केल्यावर प्रतिसाद परत आला नाही ना, मग असं म्हणा की धक्क्यानंतर प्रतिसाद परत आणणारी जी यंत्रणा असते तिचाच रिसेप्टर कॅफिननं अडवला, हे तर अजून मोठं फाइंडिंग होईल. आणि यात तथ्य नाही असं नाही. ॲप्लिसिया नावाच्या समुद्री गोगलगाईत, जिचे सगळे मिळून २० हजारांच्या आसपास न्यूरॉन आहेत, नेमकं हेच एरिक कँडेल यांच्या लॅबनं उलगडलं, ज्यासाठी २००० सालच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. शेपटाला शॉक दिला की सेरोटोनिन नावाचं रसायन सुटतं, ते संवेदी न्यूरॉनवरच्या रिसेप्टरवर बसतं, आत सायक्लिक एएमपी वाढतं, त्यानं एक एन्झाइम जागं होतं, पोटॅशियमचे मार्ग बंद होतात, न्यूरॉनचा सिग्नल जरा लांबतो आणि तो पुढच्या पेशीकडे जास्त ट्रान्समीटर, म्हणजे निरोप नेणारे रेणू, सोडतो. तो रिसेप्टर अडवा, धक्क्याचा परिणाम जाईल. तेव्हा मॅडमचं वाक्य कागदावर बरोबरच दिसत होतं.

पण ते आमच्या अळ्यांना लागू करायचं तर आधी अळी धड पोहते हे दाखवावं लागतं. फळमाशीवर २००७ साली जे काम झालं त्यात एक डोपामिन रिसेप्टर नसलेल्या माश्या वास आणि शॉकची जोडी शिकतच नव्हत्या, साखरेची जोडीपण नाही, आणि तोच रिसेप्टर मेंदूतल्या मशरूम बॉडी नावाच्या भागात परत घातला की शिकायला लागायच्या. यात मला सगळ्यात भारी काय वाटतं तर त्यांनी आधी तपासलं होतं की त्या माश्यांना वास येतो का, शॉक लागतो का. दोन्ही ठीक होतं. म्हणून "शिकत नाहीत" हे म्हणायचा त्यांना हक्क होता. आम्हाला नव्हता. आमच्या अळ्या पहिल्या सावलीलाच ढेपाळलेल्या, म्हणजे शिकायची वेळ यायच्या आधीच फरक होता.

तिसरा पर्याय पोस्टर मागे घ्यायचं, चौथा पोस्टर बदलून लावायचं, म्हणजे चूक कशी सापडली तेच दाखवायचं.

श्रुती इतका वेळ काही बोलली नव्हती. मग म्हणाली की आमच्या बगीच्यात बहार धरायच्या आधी झाडाला ताण देतात, पाणी तोडतात, पानं गळतात, पण म्हणून कोणी असं म्हणत नाही की झाड फुलायला शिकलं, आणि ताण जास्त झाला तर झाडच वाळते. "आपण ताण जास्त दिला सर." मॅडम हसल्या आणि पोस्टर बदला म्हणाल्या. त्यांना पटवायला मला जे जमलं नसतं ते संत्र्यानं केलं.

काय केलं

पोस्टर बदललं. मधोमध दोन आलेख, पहिली सावली आणि टकटकीनंतरची सावली, आणि खाली मोठ्या अक्षरात "या अळ्या शिकल्या नाहीत". परीक्षक आले, सोलर ड्रायरच्या मॉडेलजवळ बराच वेळ थांबले, आमच्याकडे एक नजर टाकून पुढे गेले. बक्षीस सोलर ड्रायरला. श्रुतीला वाईट वाटलं, मलापण, त्यात मोठेपणा काही नाही.

मार्चमध्ये सगळं नव्यानं उभं केलं. मात्रेचं आधी सोडवलं. घट्ट द्रावण बनवून त्याला पातळ करत न्यायचं, हे मी फर्स्ट इयरच्या पोरांना शिकवतो आणि स्वतः विसरलो होतो. वेगवेगळ्या मात्रांमध्ये अळ्या रात्रभर ठेवायच्या आणि सकाळी सावली वगैरे काही न पाडता फक्त पोहणं बघायचं, एका मिनिटात किती वेळा जागा सोडते, ढोसलं तर बुडते का, बुडाली तर किती सेकंदांत वर येते. जिथे कॅफिनवाली आणि साधी अळी यात काही फरक दिसत नव्हता ती सगळ्यात जास्त मात्रा घेतली, ती निघाली आधीच्या एक दशांश.

मग बीकर गेले. इथे एक गोष्ट मला व्हिडिओ बघतानाच खटकली होती आणि ती या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात उपयोगाची आहे असं माझं मत. एका बीकरमध्ये दहा अळ्या असल्या की एक बुडली की पाणी हलतं आणि तिच्यामुळे बाकीच्या बुडतात. म्हणजे दहापैकी आठ हा आकडा दहा अळ्यांचा नाहीच, कदाचित दोन घाबरट अळ्यांचा आहे. आम्ही प्रत्येक अळी वेगळी मोजून सरासरी काढत होतो आणि आकडेमोडीला ते दिसत नव्हतं. आता एक कप एक अळी. चहाचे पांढरे कागदी कप, सीताबर्डीवरून शेकड्यानं आणले, आतून पांढरे असल्यानं अळी मस्त दिसते. दोन्ही गटांत चोवीस-चोवीस.

वेळेचं पण होतं. फेब्रुवारीत साधा गट सकाळी व्हायचा आणि कॅफिनवाला जेवणानंतर, कारण श्रुती त्या क्रमानं बीकर मांडायची, बस, एवढंच कारण. आमच्या लॅबला पश्चिमेची खिडकी आहे, दुपारी ऊन आत येतं, पाणी तापतं आणि उजेडामुळे सावली फिकी पडते. नागपूरच्या मार्चमध्ये सकाळचे नऊ आणि दुपारचे तीन म्हणजे दोन वेगळे ऋतू. आता खिडकीला काळा कागद, कपात थर्मामीटर, आणि दोन्ही गट एकाआड एक.

कोणत्या कपात काय आहे ते फक्त भाऊंना माहीत. त्यांनी कपांच्या बुडाला नंबर टाकले आणि यादी आपल्या खिशातल्या डायरीत ठेवली, आणि ती डायरी त्यांनी शेवटपर्यंत मलासुद्धा दाखवली नाही. एकदा मी सहज विचारलं तर म्हणाले, "सर, तुमीच म्हटलं होतं ना कोणालेच सांगू नका."

शेवटचा निर्णय नावाचा, आणि तो मला सगळ्यात जड गेला. अळ्या ठणठणीत राहिल्या आणि फरक आला असता, तरी तो ॲडिनोसिन रिसेप्टरमुळेच आला हे आम्ही कुठून सांगणार होतो? कॅफिन सस्तन प्राण्यांत ॲडिनोसिन रिसेप्टर अडवतं हे पक्कं, मधमाशीच्या प्रयोगातही त्यांनी तिकडेच बोट दाखवलं. पण फळमाशीत २००९ साली असं निघालं की कॅफिननं झोप उडते ती ॲडिनोसिन रिसेप्टर नसला तरी उडते, म्हणजे तिथे रस्ता वेगळाच आहे. शिवाय कॅफिन पेशीच्या आत जाऊन सायक्लिक एएमपी तोडणारं फॉस्फोडायएस्टरेज एन्झाइमही अडवतं. आता गंमत बघा, शिकता न येणारी पहिली म्युटंट, म्हणजे जीन बिघडलेली, फळमाशी १९७६ साली सीमोर बेंझर यांच्या लॅबमधून छापून आली, तिचं नाव डन्स म्हणजे ढ, आणि तिच्यात बिघडलेलं होतं तेच, फॉस्फोडायएस्टरेज. तेव्हा रुमाल एका सीटवर नव्हता, अख्ख्या बसमध्ये टाकला होता. ड्रायव्हरच्या सीटवरपण.

त्यात हॅबिच्युएशन हा प्रकारच असा की सवय झाली म्हणजे ऐकणाऱ्या पेशीचे रिसेप्टर बदलले असं दरवेळी नसतं. ॲप्लिसियात थोड्या वेळाची सवय होते तेव्हा मुख्य बदल सोडणाऱ्या बाजूला असतो, संवेदी न्यूरॉन ट्रान्समीटरच कमी सोडतो. उलट सी. एलेगन्समध्ये कॅथरीन रँकिन यांच्या लॅबनं दाखवलं की प्लेटवरच्या टकटकीची सवय एक दिवस टिकवायची असेल तर जीएलआर-१ नावाचा ग्लुटामेट रिसेप्टर लागतो आणि सवय झालेल्या कृमीत तो कमी झालेला दिसतो. त्याच कृमीत एक डोपामिन रिसेप्टर नसला तर टकटकीची सवय नेहमीपेक्षा लवकर लागते. एकाच साध्या वागण्यामागे इतके वेगळे रस्ते, आणि आम्ही एक पांढरी पावडर टाकून त्यातला एक रस्ता ओळखणार होतो.

नाव बदललं, "कमी मात्रेतील कॅफिनचा एडिस अळ्यांच्या सावली-प्रतिसादावर परिणाम". रिसेप्टर हा शब्द फक्त चर्चेच्या भागात. युनिव्हर्सिटीला नावबदलाचा अर्ज, दोन सह्या, तीन फेऱ्या.

निकाल

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भाऊंनी डायरी उघडली. साध्या अळ्यांना सवय झाली, टकटकीनंतर बहुतेकींचा प्रतिसाद परत आला. कॅफिनवाल्यांचंही तसंच. दोन्ही रेघा एकमेकींत गुंतलेल्या. तासाभरानं परत सावली पाडली तेव्हा कॅफिनवाल्या किंचित कमी बुडाल्या, पण तेवढा फरक साध्या गटात दोन दिवसांच्या मध्येही येत होता, म्हणून त्यावर आम्ही काही बोललो नाही. श्रुतीचा चेहरा पडला. मी तिला म्हटलं की फेब्रुवारीतला तो सुंदर आलेख गेला ही चांगली गोष्ट आहे, पण तेव्हा ते तिला पटलं नाही आणि मी जास्त ताणलं नाही.

व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, मग तुमचा रिसेप्टर कुठे गेला? ती म्हणाली, "सर, तो शोधायला आमच्याकडे साधन नव्हतं, म्हणून काढून टाकला. २०१८ मध्ये एडिसवरच झालेलं काम आहे, मोठे डास माणसाचा वास आणि चापटीसारखा हादरा यांची जोडी शिकतात आणि मग तो वास टाळतात, पण एका डोपामिन रिसेप्टरचा जीन बिघडवला की टाळत नाहीत. तिथे त्यांनी जीनच बदलला होता. आम्ही फक्त पाण्यात कॅफिन टाकलं." सरांनी मग पहिल्या सावलीला दोन्ही गट सारखेच बुडायला हवेत ही अट कोणी सुचवली असं विचारलं. तिनं सगळी गोष्ट सांगितली, विषाच्या मात्रेसकट. मार्क चांगले पडले. ती आता बीएड करते आहे.

एक नुकसानही झालं. मार्चच्या घाईत एका कपाचं कापड सुटलं आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तीन डास मिळाले. चौथा एचओडी मॅडमच्या केबिनमध्ये मिळाला, म्हणजे त्यांना मिळाला, दंडावर.

काय वेगळं करता आलं असतं

माझी सगळ्यात मोठी चूक मात्रेची नव्हे, क्रमाची. पोहणं, उजेड-सावली दिसणं, वर येणं, हे सगळं शाबूत आहे का ही तपासणी मी निकालानंतर केली, तीही अपघातानं. ती पहिल्या आठवड्यात झाली असती तर जानेवारीतच कॅफिन एक दशांश झालं असतं आणि तासाभरानंतरच्या त्या किंचित फरकाचं खरं-खोटं करायला आमच्याकडे दोन महिने उरले असते. आता माझ्याकडे शिकण्यावरचा प्रोजेक्ट घेऊन कोणी आलं तर मी आधी औषध बाजूला ठेवायला सांगतो, आठवडाभर नुसतं प्राण्याकडे बघ म्हणतो. पोरं कंटाळतात.

दुसरं, एकाच औषधावर भिस्त ठेवली. त्याच रिसेप्टरला अडवणारा पण फॉस्फोडायएस्टरेजला फारसा न छेडणारा दुसरा पदार्थ सोबत घेतला असता आणि दोघांचा परिणाम सारखा आला असता तर रिसेप्टरबद्दल अर्धं वाक्य तरी लिहिता आलं असतं. उलटंही करता येतं, फक्त एन्झाइम अडवणारा पदार्थ घ्यायचा आणि तोच परिणाम मिळतो का बघायचं. दोन्हींना पैसे लागतात, पण कॅफिनइतके कमी नाही म्हणून विचारच करायचा नाही असं नव्हतं, अर्ज करून बघायला हवा होता.

ॲबस्ट्रॅक्ट देण्याचं मात्र मी अजूनही नीट ठरवू शकलेलो नाही. ते दिलं नसतं तर पोस्टरची घाई झाली नसती, आणि घाई झाली नसती तर चार्ट पूर्ण करायला म्हणून टकटक पण झाली नसती बहुतेक.

आणि टकटकीचं काम राहूनच गेलं. साध्या अळ्यांत तो प्रतिसाद परत आणतं कोण, ॲप्लिसियासारखं सेरोटोनिन की किड्यांमध्ये नॉरॲड्रेनलिनची बरीचशी कामं करणारं ऑक्टोपामिन, हे बघायला चहाचे कप आणि पेन्सिल पुरत नाहीत, पण सुरुवात तिथूनच करावी लागेल. भाऊंनी मे महिन्यात तो कूलर ब्लीचिंग पावडर टाकून तारेच्या ब्रशनं घासला. त्याआधी श्रुतीनं राखलेल्या चार माद्यांनी ओल्या फिल्टर पेपरवर घातलेली अंडी वाळवून, पट्ट्या पाकिटात घालून, पाकीट डब्यात आणि डबा माझ्या कपाटात कुलपात आहे. पाकिटावर तिच्या अक्षरात लिहिलंय, "पाणी लावू नका".